कल्पना सर्वांची, मांडणी ज्याची त्याची

विज्ञानकथा लिहायला बसलेल्या माणसाच्या एक गोष्ट फार लवकर लक्षात येते, ती म्हणजे आपल्याला सुचलेले बहुतेक सगळे आधी कोणाला तरी सुचून गेलेले आहे. काळातून मागेपुढे जाणारे यंत्र एच. जी. वेल्स यांनी १८९५ सालीच लिहिले आणि परग्रहावरून चाल करून आलेले आक्रमक १८९८ साली. माणसाने घडवलेला आणि माणसावरच उलटलेला जीव मेरी शेली यांनी १८१८ साली उभा केला. राबण्यासाठी बनवलेले कृत्रिम मजूर आणि त्यांचे बंड कारेल चापेक यांनी १९२० च्या नाटकात आणले, तर यंत्रमानवाने माणसाशी कसे वागावे याचे तीन नियम आयझॅक असिमोव्ह यांनी १९४२ च्या एका कथेत आखून दिले. मोठे रस्ते सगळे मळलेले आहेत. सांगलीत बसून मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्या माझ्यासारखीला म्हणूनच रोज एक प्रश्न सोडवावा लागतो: या आधीच्या साठ्यातून मला काय घेता येईल, किती घेता येईल आणि कोणत्या हक्काने घेता येईल?

सध्या मी जी कादंबरी लिहिते आहे, तिच्या मध्यभागी कृष्णा खोऱ्यातील धरणांचे दरवाजे सांभाळणारी एक कृत्रिम बुद्धी आहे. कोयना, वारणा, धोम, कण्हेर आणि सीमेपलीकडचे अलमट्टी अशा सर्व जलाशयांची पातळी, पावसाचा अंदाज आणि नदीकाठची वस्ती हे सारे तिला एकाच वेळी दिसते, आणि कोणता दरवाजा केव्हा, किती फूट उचलायचा हे तीच ठरवते. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फुटांची आणि धोका पातळी ४५ फुटांची असताना ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलेले ज्याने पाहिले आहे, त्याला ही कल्पना कुठून आली हे वेगळे सांगावे लागणार नाही. मात्र तिचा सांगाडा उसना आहे. नियमांनी बांधलेले यंत्र, ते नियम काटेकोर पाळत असतानाच ओढवणारा अनर्थ, आणि पुढच्या काळातल्या एका पुरातून मागे आलेली एक स्त्री, या तिन्ही गोष्टी माझ्या आधी अनेकांनी लिहिलेल्या आहेत आणि त्यांपैकी काहींची पुस्तके मी तरुणपणी पुन्हा पुन्हा वाचलेली आहेत. तेव्हा लेखनाच्या सुरुवातीलाच मी कायदा वाचायचे ठरवले. वकील होण्यासाठी ते वाचन नव्हते. आपण नेमक्या कोणाच्या अंगणात उभे आहोत हे मला कळायला हवे होते.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्याचे मूळ तत्त्व थोडक्यात सांगता येते: संरक्षण मिळते ते मांडणीला, कल्पनेला नाही. मांडणी म्हणजे लेखकाने प्रत्यक्ष लिहिलेली वाक्ये, रचलेले प्रसंग, त्या प्रसंगांचा क्रम, आणि तपशील देऊन जिवंत केलेली माणसे. हे संरक्षण मिळवण्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही, कृती लिहिली गेली की हक्क आपोआप उत्पन्न होतो. लेखकाच्या हयातीत तो असतोच, शिवाय मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरील हक्क संपत आले, तेव्हा १९९२ साली ती दहा वर्षांनी वाढवण्यात आली. परदेशी लेखकांची पुस्तके आपल्याकडे संरक्षित नसतात, असा एक समज नवोदितांत अजून दिसतो, तो साफ चुकीचा आहे. लेखकांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातील देशांच्या लेखकांना भारतात आपल्या लेखकांसारखेच संरक्षण मिळते, आणि भाषांतराचा व रूपांतराचा हक्कही मूळ लेखकाच्याच हक्कांत मोडतो. इंग्रजीतली हयात लेखकाची कथा मराठीत आणून पात्रांना आपली नावे दिली, म्हणजे ती आपली झाली, असे कायदा मानत नाही.

कल्पना आणि मांडणी यांच्यातली रेघ मात्र प्रत्यक्षात ओढायची कशी, याचे सर्वांत उपयुक्त उत्तर मला १९७८ च्या एका निकालात सापडले. आर. जी. आनंद या नाटककारांचे 'हम हिंदुस्तानी' हे नाटक प्रांतवादावर होते. एक पंजाबी आणि एक मद्रासी अशी दोन कुटुंबे, त्यांच्या मुलांचे प्रेम आणि आईवडिलांचा विरोध असा त्याचा विषय. १९५६ साली 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला आणि आपले नाटक उचलले गेले, अशी त्यांची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. कल्पना, विषय, कथासूत्र, ऐतिहासिक किंवा पौराणिक घटना यांवर कोणाचीही मालकी नसते, असे न्यायालयाने सांगितले. चित्रपटात प्रांतवादाचे घर भाड्याने देतानाचे रूप होते आणि हुंड्याचा प्रश्नही होता, जो नाटकात नव्हता. कसोटी अशी ठरली की, दोन्ही कृती वाचल्यावर किंवा पाहिल्यावर साधारण वाचकाच्या किंवा प्रेक्षकाच्या मनावर दुसरी ही पहिलीची नक्कल आहे, असा निःसंदिग्ध ठसा उमटतो का. याच निकालात न्यायमूर्ती पाठक यांचे एक स्वतंत्र मत आहे आणि लेखकाने ते जरूर वाचावे असे मला वाटते, कारण त्यात बजावलेले आहे की, दुसऱ्याच्या श्रमाचा फायदा घेऊ पाहणारा माणूस इथे तिथे किरकोळ फरक पेरून उचलेगिरी झाकू शकतो आणि न्यायालयाने त्याबाबत जागे राहिले पाहिजे. नावे बदलणे, गाव बदलणे, मुलाची मुलगी करणे हे फरक त्या जातीचे आहेत.

साधारण वाचकाची ही कसोटी मला फार आवडली. तज्ज्ञाला विचारू नका, दोन्ही पुस्तके वाचलेल्या सामान्य माणसाला विचारा, यात एक मोठेपणा आहे. मी माझ्या लेखनाला ती रोज लावते. एखादे प्रकरण लिहून झाले की, असिमोव्ह मनापासून वाचलेला माझा एखादा वाचक ते वाचताना कुठे थांबेल आणि "हे तर ते" असे कुठे म्हणेल, याचा मी विचार करते. त्याने "ही त्या परंपरेतली गोष्ट आहे" असे म्हटले तर मला आनंदच आहे. परंतु "हा तोच प्रसंग आहे" असे म्हणण्याची वेळ त्याच्यावर येता कामा नये.

आता त्या तीन नियमांकडे येते, कारण विज्ञानकथेतल्या उसनवारीचा विचार त्यांच्यावाचून पूर्ण होत नाही. यंत्राला काही अटळ नियम घालून द्यावेत आणि त्या नियमांच्या फटीतून कथा जन्मावी, ही कल्पना सर्वांची आहे. त्या नियमांचे शब्द, त्यांचा एकमेकांवर वरचढ असण्याचा क्रम, त्यांच्याभोवती रचलेले यंत्रमानवांचे कारखाने, त्यांत वावरणारी माणसे आणि त्यांच्या मेंदूचे विशिष्ट नाव, ही सगळी एका लेखकाची मांडणी आहे. असिमोव्ह एप्रिल १९९२ मध्ये वारले, म्हणजे आपल्या कायद्याने त्यांचे लेखन २०५२ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. एखाद्या पात्राने बोलता बोलता त्या नियमांचा उल्लेख करणे निराळे आणि आपली सबंध कादंबरी त्या तीन वाक्यांवर उभी करणे निराळे. तरीही ते नियम मी घेतले नाहीत, याचे खरे कारण कायद्याची भीती हे नाही. ते कृष्णेच्या पाण्याला पुरत नाहीत, हे खरे कारण आहे.

माझे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. घरी सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कादंबरीचा आराखडा मी त्यांना ऐकवला, तेव्हा यंत्राने माणसाला इजा होऊ देऊ नये, या नियमापाशी त्यांनी मला थांबवले. "अगं, कुठल्या माणसाला?" त्यांनी विचारले. "पाणी सोडलं तर सांगलीतल्या माणसाला, आणि नाही सोडलं तर धरणाखालच्या माणसाला. असल्या नियमानं तुझं यंत्र पहिल्याच दिवशी अडकून बसेल."

"मग तुम्ही कसं ठरवत होता, अण्णा?"

"तारखेनं. अमुक तारखेला जलाशयात अमुक पातळी, त्याच्या वर गेलं की सोडायचं. आणि खाली आयर्विनला आधीच पाणी चढलेलं असलं, की कागद एक सांगतो आणि फोन दुसरं सांगतो."

त्या संध्याकाळपासून कादंबरी माझी झाली. कोयनेचा साठा १०५.२५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), सांडव्यावर सहा वक्र दरवाजे, पायथ्याच्या वीजगृहातून होणारा वेगळा विसर्ग, आणि पावसाळा संपता संपता धरण भरलेले असावे अशी अपेक्षा. कारण पुढचे आठ महिने शेतीला, पिण्याला आणि विजेला तेच पाणी पुरायचे असते. त्यातले मोठे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला, पोफळीकडे वळवून वीज केली जाते, आणि त्या वळवण्यालाही कृष्णा पाणीवाटपाच्या निवाड्याने ६७.५ टीएमसीची वार्षिक मर्यादा घातलेली आहे. म्हणजे धरण रिकामे ठेवावे तर उन्हाळा कोरडा जातो, भरलेले ठेवावे तर ऑगस्टच्या एका आठवड्याच्या पावसाला जागा उरत नाही, पश्चिमेला जास्त पाणी सोडावे तर निवाडा आडवा येतो, आणि पूर्वेला सोडावे तर कराडच्या प्रीतिसंगमापासून खाली प्रत्येक गावाची पातळी फूटफूट चढत जाते. त्यापुढे हरिपूरला वारणा मिळते, तिचे पाणी वेगळेच. आणि आणखी खाली अलमट्टीवर दुसऱ्या राज्याचे दुसरे वेळापत्रक चालू असते. या नियमांत सापडलेल्या बुद्धीची कथा अमेरिकेतल्या कोणाही लेखकाने लिहिलेली नाही, आणि ती लिहिताना मला कोणाच्या प्रसंगाची आठवणही येत नाही. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला उलटलेल्या बोटीची येते. गावभागात माडीच्या खिडकीतून होडीत उतरवलेल्या म्हाताऱ्यांची येते.

इथेच मला या सगळ्या प्रश्नाचे उत्तर सापडले असे वाटते. उसन्या कल्पनेला आपल्या जागेचे, आपल्या माहितीतले आणि पडताळून पाहता येतील असे नियम लावत गेले की ती हळूहळू मूळ मांडणीपासून आपोआप दूर जाते. तिला दूर ढकलण्यासाठी वेगळी युक्ती करावी लागत नाही. उलट ज्या लेखनात ही मेहनत झालेली नसते, तिथे रिकाम्या जागा भरायला दुसऱ्याचे प्रसंग धावून येतात, लेखकाच्या नकळतसुद्धा. कायद्याची रेघ आणि चांगल्या लेखनाची रेघ या ठिकाणी जवळजवळ एकच होतात.

उसनवारीचा दुसरा, अधिक निर्मळ मार्ग म्हणजे कथा बाजूला ठेवून थेट विज्ञानाकडे जाणे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले, ही हकिगत मराठी वाचकाला ठाऊक आहे. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो ही निसर्गातली वस्तुस्थिती आहे. तिच्यावर कोणाचा हक्क असू शकत नाही, आणि ती वापरण्यासाठी कोणाची कथा वाचलेली असण्याचीही गरज नाही. गुरुत्वाकर्षण समजून घेतलेल्या माणसाला कथेचा मूळ झरा थेट हाताशी असतो. आपल्यापैकी बरेच जण कृष्णविवर चित्रपटातून उचलतात आणि मग त्या चित्रपटातले अंतराळयान, त्यातला बाप, त्यातली मुलगी हे सारे पाठोपाठ येते. कोल्हापुरात जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने दाखवलेली वाट आम्हा दक्षिण महाराष्ट्रातल्या लेखकांना तर अधिकच जवळची वाटायला हवी.

उसनवारीचा प्रश्न केवळ आजचा किंवा परदेशातून आलेला आहे असेही नाही. माझे गाव तर या विषयाची पाठशाळाच आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले, आणि तसे काही मराठीत, अधिक नेटकेपणाने व्हावे अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभे केले, ते त्यातून. आज आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो, त्याचे मूळ एका प्रांतातल्या नाट्यप्रकाराने दुसऱ्या प्रांताला दिलेल्या कल्पनेत आहे. कथा रामायणातली, घाट कर्नाटकातला, पदे आणि मांडणी भाव्यांची. नाट्यप्रकार, घाट, शैली यांच्यावर हक्क नसतो, हे आजचा कायदाही सांगतो.

पुढे हरिपूरला जन्मलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी जे केले ते मला अधिक शिकवून गेले. 'संशयकल्लोळ' हे सांगलीच्या मातीतले नाटक म्हणून आपण मिरवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा वंश पाहिला तर मोलिएर यांचा १६६० चा फ्रेंच प्रहसनाचा खेळ, त्यावरून आर्थर मर्फी यांनी १७६१ साली केलेले इंग्रजी नाटक, त्यावरून देवलांचे १८९३ चे गद्य 'फाल्गुनराव', आणि १९१६ चे संगीत रूप अशी ती साखळी आहे. एका तसबिरीवरून उठणारा संशयाचा धुरळा मूळचाच आहे. परंतु फाल्गुनराव, कृत्तिका, आश्विनशेट, रेवती ही माणसे ज्या घरांत राहतात, ज्या तऱ्हेने एकमेकांवर चिडतात, रुसतात आणि बोलतात, ती घरे आणि ते बोलणे देवलांचे आहे. मर्फी १८०५ मध्ये वारले होते, तेव्हा हे रूपांतर आजच्या कायद्यालाही मान्य झाले असते. हयात लेखकाच्या नाटकाचे असे रूपांतर आज परवानगीवाचून करता येणार नाही, कितीही सुंदर झाले तरी. सौंदर्य हा बचाव नाही.

सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' मात्र कायद्याच्या पलीकडचे काही सांगते. १९०७ च्या या नाटकातली कथा महाभारताची, म्हणजे साऱ्या देशाची. त्यात एकही नवे पात्र असण्याची गरज नव्हती, तरी प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. सर्वांना माहीत असलेली गोष्ट इतकी आजची करता येते की सत्ताधाऱ्याला तिची भीती वाटावी. माझ्या मते उसन्या कथेचा याहून मोठा उपयोग मराठीत क्वचितच झाला असेल. शेलींचा १८१८ चा कृत्रिम जीव किंवा वेल्स यांचे काळयंत्र आज आपल्या हातात तशाच सार्वजनिक ठेव्यासारखे आहे, आणि त्यांना आपण कोणते आजचे काम देणार, हा विचार मला फार आकर्षून घेतो.

वेल्स १९४६ मध्ये वारले, म्हणजे २००७ च्या पहिल्या दिवसापासून त्यांचे लेखन आपल्याकडे मुक्त झाले. मुक्त साहित्यातही काही खाचखळगे आहेत, आणि ते नवोदितांना कोणी सांगत नाही. मूळ कादंबरी मुक्त असली तरी तिचे अलीकडचे मराठी भाषांतर मुक्त नसते, कारण भाषांतरकाराचा त्याच्या मांडणीवर स्वतंत्र हक्क असतो. ज्यूल व्हर्न १९०५ मध्ये गेले, पण भा. रा. भागवतांनी आमच्या पिढीला ज्या मराठीत व्हर्न वाचायला दिला ती मराठी भागवतांची आहे. तेच चित्रपटांचे. शेलींच्या कादंबरीतल्या जीवाची म्हणून जी सपाट डोक्याची, मानेत खिळे असलेली मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे येते, ती कादंबरीत कुठेही नाही, ती १९३१ च्या चित्रपटाने दिली. मूळ पुस्तक हातात घेऊन, त्यात खरोखर काय लिहिले आहे ते पाहूनच त्यातून उचलावे. नावांचा प्रश्न आणखी निराळा आहे: नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले आहे, मात्र एखादे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदलेले असू शकते. 'ड्रॉइड' हे नाव एका चित्रपट कंपनीचे नोंदलेले चिन्ह आहे आणि एका मोबाइल कंपनीला आपल्या फोनसाठी ते रीतसर परवाना घेऊन वापरावे लागले. उलट उर्सुला ले ग्विन यांनी १९६६ च्या कादंबरीत दूरच्या ताऱ्यांमध्ये तत्क्षणी निरोप पोचवणाऱ्या यंत्राला दिलेले नाव पुढे कितीतरी लेखकांनी वापरले आणि ते त्या साहित्यप्रकाराचे सामाईक नाव होऊन बसले. अशा उदारतेवर विसंबून राहणे मात्र धोक्याचे आहे. अमेरिकेत एका लोकप्रिय अंतराळमालिकेच्या चाहत्यांनी वर्गणी जमवून त्याच विश्वातला चित्रपट करायला घेतला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले, आणि जानेवारी २०१७ मध्ये न्यायाधीशांनी रास्त वापराचा बचाव नाकारल्यावर तडजोड करावी लागली. तिथे नुसती कल्पना उचललेली नव्हती. त्या मालिकेतल्या जमाती, पोशाख, अंतराळयाने, नावे असे सारे विश्वच घेतलेले होते.

या सगळ्यात एक प्रकरण माझ्या मनातून जात नाही. सत्यजित राय यांनी १९६२ साली 'बंकुबाबूंचा मित्र' ही बंगाली कथा लिहिली आणि १९६७ साली 'द एलियन' या चित्रपटाची पटकथा. बंगालमधल्या एका खेड्यातल्या तळ्यात यान उतरते, गावकऱ्यांना ते देऊळ वाटते, आणि आत आलेल्या पाहुण्याची एका मुलाशी मैत्री होते. हॉलिवूडमध्ये त्या पटकथेच्या प्रती फिरल्या, पण चित्रपट झाला नाही. १९८२ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई. टी.' आला. आपली पटकथा अमेरिकेत उपलब्ध नसती तर हा चित्रपट शक्य झाला नसता, असे राय म्हणाले. स्पीलबर्ग यांनी ते नाकारले. राय न्यायालयात गेले नाहीत. परग्रहावरचा निरागस पाहुणा आणि मूल यांची मैत्री ही कल्पना म्हणून सर्वांची आहे, हे कायद्याचे उत्तर मला मान्य आहे, आणि तरीही या हकिगतीने मला दर वेळी वाईट वाटते. कल्पनेला कुलूप नसावे हे तत्त्व मोठ्या स्टुडिओला जितके उपयोगी पडते तितके एकट्या लेखकाला पडेलच असे नाही. म्हणूनच, कायदा जिथे काही मागत नाही, तिथे ऋणाचा उल्लेख ही लेखकाची स्वतःची जबाबदारी ठरते असे मी मानते.

आपल्याकडच्या जुन्या मासिकांत कथेखाली 'परकीय कथेवर आधारित' एवढीच ओळ असे. लेखक कोण, कथा कोणती, काही नाही. त्या काळच्या अडचणी मी समजू शकते, परंतु ती ओळ मला अन्यायाची वाटते, कारण तिने वाचकाला मूळ कृतीपर्यंत जाण्याचा रस्ता दिला नाही आणि मूळ लेखकाला त्याचे नावही दिले नाही. आपल्या कायद्यात लेखकाला आपले लेखकत्व सांगण्याचा हक्क कलम ५७ मध्ये वेगळा दिलेला आहे आणि आर्थिक हक्क विकून टाकले तरी तो उरतो, याचा अर्थ संसदेलाही नावाची किंमत कळलेली होती. दुसऱ्या बाजूने हेही स्पष्ट ठेवले पाहिजे की, श्रेय दिले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. प्रकरणाच्या सुरुवातीला एखाद्या हयात कवीच्या ओळी घालून खाली त्याचे नाव लिहिले, म्हणजे झाले, असे अनेकांना वाटते. टीका किंवा परीक्षण करताना उतारा देण्याची मोकळीक कायद्यात आहे, पण शोभेसाठी घातलेल्या ओळींना ती लागू पडेलच असे नाही. माझ्या कादंबरीत मला अशा ओळी हव्या होत्या. त्यांच्यासाठी मी हक्कदारांना पत्र लिहिले आहे, आणि उत्तर आले नाही तर त्या ओळींवाचून पुस्तक निघेल.

लिहिताना मी एक वही वेगळी ठेवते. जे वाचले आणि मनात राहिले, त्याची तिच्यात नोंद असते: कोणते पुस्तक, त्यातले काय आठवते, माझ्या कथेत ते कुठे उतरले आहे असे वाटते. कच्चा खर्डा लिहीत असताना मूळ पुस्तके मी उघडत नाही. खर्डा झाल्यावर मुद्दाम उघडते आणि शेजारी ठेवून वाचते. पुढच्या काळातून मागे येणाऱ्या स्त्रीचे प्रकरण या तपासणीत पार बदलले. ती कुठल्याशा यंत्रात बसून येत होती. आता ती येत नाही, तिची नोंद येते: आयर्विन पुलाच्या पाणीपातळीच्या तक्त्यात एका पहाटे अजून न आलेल्या वर्षांचे आकडे दिसू लागतात. काळप्रवासाची कल्पना तीच राहिली. पूर आल्यावर सांगलीतला प्रत्येक माणूस "आयर्विनला किती फूट?" हेच आधी विचारतो, त्या प्रश्नातून ही मांडणी निघाली.

शहरातली काही महाविद्यालयीन मुले-मुली अधूनमधून आपल्या कथा घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्यातल्या एकीने परवा विचारले, "ताई, माझ्या गोष्टीतला परग्रहवासी एका पोराशी मैत्री करतो. हे लिहिलं तर कोणी केस करेल का?" मी तिला तिचा परग्रहवासी कुठे उतरतो ते विचारले. अंगणात, असे ती म्हणाली. कोणाच्या अंगणात, त्या घरात कोण राहते, पोराचे आईवडील काय करतात, याचे उत्तर तिच्याजवळ अजून नव्हते. तिचे आजोबा मार्केट यार्डात हळदीचे हमाल होते, हे बोलता बोलता निघाले. सौद्याच्या वेळी पोती कशी फोडतात, हळदीची धूळ अंगावर किती दिवस राहते, हे सगळे तिला तोंडपाठ आहे. "मग तो यार्डात उतरला तर?" असे तिनेच विचारले. माणसांच्या अंगाचा पिवळा रंग हाच त्यांचा खरा रंग, असे त्या पाहुण्याला वाटेल का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. केस होईल का, हे विचारायचे ती विसरली होती. दिवाळी अंकासाठी ती कथा पुन्हा लिहिते आहे, आणि राय यांची बंगाली कथा तिने आधी न वाचता खर्डा पूर्ण झाल्यावर वाचावी, असे आमचे ठरले आहे.